मामेसासरे नियमात बसत नाहीत

कुठलंही काम कुणीही उठून करावं, हे माझ्या मामेसासऱ्यांना उभ्या आयुष्यात पटलेलं नाही. फौजेतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त होऊन ते मिरजोळ्याला परतले आणि त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक कामाला हुद्दा आणि नोकरीची अट लागू झाली. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, हापूस उतरवायचाय? तीन मोसमांचा अनुभव हवा. गणपतीत आरतीचं ताट धरायला पाच वर्षं. सुरमई तळायची तर घरातल्या ज्येष्ठाखेरीज कुणी गॅसकडे फिरकायचं नाही. बांगडा मात्र नवशिक्यालाही माफ. माझ्या लग्नानंतर मी त्यांना स्कूटरवरून हातखंब्याला सोडायला निघालो, तर नाक्याच्या अलीकडेच खांद्यावर थाप पडली.

"जावई होऊन किती दिवस झाले?"

"सहा महिने."

"मग थांबवा. हायवेला दोन वर्षं लागतात."

आणि हा भला माणूस खरोखरच उतरून चालायला लागला! मी हेल्मेटमधून आ वासून बघत राहिलो.

मला वाटायचं, या नियमांचा चटका यांनाच एकदा बसायला हवा. तो आधीच बसलेला होता. नव्या जवानांना शिकवायची खास नेमणूक त्यांना फार हवी होती. हवालदाराचा हुद्दा होता, पण लागणाऱ्या बारा वर्षांच्या नोकरीत दोन महिने कमी पडले. "परत पाठवलानी. बरोबरच केलानी," हे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं.

पण खरा धक्का बसला गेल्या महिन्यात. मामींचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. त्या शुद्धीवर येत होत्या. जवळ एकानेच थांबायचं, असं नर्सने सांगितल्यावर आम्ही अर्थातच बाजूला झालो. मामा सावधान उभे. हलेनात.

"मी नाही. ही बसू दे," म्हणत त्यांनी माझ्या बायकोला पुढे केलं. ती पाचवीपासून लग्नापर्यंत मामींजवळ वाढलेली. "हिची सोळा वर्षं सलग आहेत. माझ्या लग्नाला पंचवीस झाली, पण सुट्ट्या धरून सोबतीची सातसुद्धा भरत नाहीत. मी नियमात बसत नाही."

मी हबकलो. इतका राग आला की दवाखाना आहे हेही विसरलो असतो. बायको तर ओरडलीच, "मामा, ती तुला बोलावतेय!"

मामा भिंतीला टेकले. "मला तिचं काही करायला येत नाही गो," ते पुटपुटले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सीमेवर उभा राहिलेला हा माणूस घाबरला होता.

मामींचे डोळे मिटलेलेच होते. त्या क्षीण आवाजात म्हणाल्या, "अहो, मी वाट बघितली, ती वर्षं धरा की तुमच्यात."

मामा मुकाट्याने स्टुलावर जाऊन बसले. पाणी द्यायचं नव्हतं, ओल्या कापसाने नुसते ओठ पुसायचे होते. पाठ ताठ, पण दोनदा कापूस खाली पडला. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "जावईबापू, जमतंय ना हो मला?"

मी मान डोलावून नवा ओला कापूस त्यांच्या हातात दिला.