ये गं आणि जा गं

पाण्याच्या टाकीपाशी थोरल्या जाऊबाई थांबल्या, चपलेतला खडा काढला आणि पुन्हा चालू लागल्या. दवाखाना अजून बराच लांब होता. गाडीनं गेलं तर लवकर पोचू, म्हणून त्या पायी निघाल्या होत्या. धाकटी जाऊ सोबत होती.

त्यांच्या लेकीला सहावा महिना होता. मागच्या सोनोग्राफीत डॉक्टरांना बाळाच्या मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पूल दिसला नव्हता. आज पुन्हा बघणार होते.

थोरलींचा जन्म अंड्यांत गेला. प्रयोगशाळेत उबवायला ठेवलेली अंडी टॉर्चवर धरून बघायची, कवचाला कात्रीनं खिडकी पाडायची, पिल्लाच्या मेंदूचा कण काढून काचेच्या बशीत ठेवायचा आणि त्यातले मज्जातंतू कुठं वाढत जातात ते बघायचं. सासूबाई शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगत, आमची थोरली कोंबड्या पाळते. घरात कुणी अंडी उकडायला घेतली की थोरल्या जाऊबाई म्हणत, "ऑफिसचं काम घरी आणू नका."

"जाऊबाई, तो पूल बांधतं तरी कोण?" धाकटीनं विचारलं.

"कुणी नाही. मज्जातंतू आपले आपण जातात. टोकाला बोटांसारखं काहीतरी असतं, त्यानं चाचपडत."

"आंधळेच की मग!"

"आंधळेच. पण वाटेतल्या पेशी प्रथिनं पाझरतात. एक म्हणतं ये गं, दुसरं म्हणतं जा गं. इंग्रजी नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून बाटल्यांवर मी तसंच लिहिलं. प्रयोगशाळेत आलेल्या नव्या मॅडमनी ‘जा गं’ वाचलं आणि आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत."

धाकटीला हसू आलं. थोरलींचा चेहरा होता तसाच.

"मग ‘ये गं’ जिथून येतं, तिथंच तो तंतू मुक्काम नाही ठोकत?"

"नाही. मेंदूची मधली रेघ ओलांडली की ‘ये गं’ त्याला ऐकू येईनासं होतं. ‘जा गं’ तेवढं ऐकू येतं. मागं फिरायची सोयच नाही."

"म्हणजे आपल्या सासरसारखं."

"तू कसली! लग्नानंतर वर्षभर दर रविवारी माहेरी पळत होतीस."

दवाखान्याची भिंत दिसू लागली तेव्हा थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "बशीत नाही जमलं, की आम्ही दुसरं अंडं घ्यायचो."

धाकटीनं त्यांचा हात धरला.

फाटकाशी लेक उभी होती, एक हात पोटावर ठेवून. थोरल्या जाऊबाई थांबल्या. धाकटी रोज पहाटे डोळे मिटून देवापाशी बसे, तेव्हा त्या शेजारी बसून खुशाल भाजी निवडत. देवाचा विषय त्यांनी स्वतःहून कधीच काढला नव्हता.

"अगं, ऐक," त्या हळूच म्हणाल्या. "आम्ही आत गेलो की तू बाहेर बस. तुझ्या देवाला माझं एवढं सांग. सगळ्यांचं भलं कर, असलं मोघम नको. आधी ‘ये गं’, रेघ ओलांडली की ‘जा गं’. क्रम तेवढा चुकवू नकोस, बाई."