भास्करचं छत

पोस्टमनने कार्ड हातात दिलं तेव्हा माझा चौथीचा वर्ग चालू होता आणि फळ्यावर पत्राचाच नमुना लिहिलेला होता. वर मधोमध ‘श्री’, उजवीकडे गाव नि तिथी... पोरी खाली माना घालून पाटीवर उतरवून घेत होत्या. कार्डाच्या माथ्यावर मात्र ‘श्री’ नव्हता. इतक्या वर्षांची मास्तरकी अंगात मुरलेली, त्यामुळे पहिला विचार हाच आला की कोणीतरी धांदरट श्री घालायला विसरलाय. मग अक्षर ओळखलं. ते कमलचं होतं, भास्करच्या बायकोचं, आणि कमल काही विसरणाऱ्यांतली नाही. श्री नसतो तो मरणाच्या पत्रावर; खालची ओळ वाचायच्या आधीच मला सगळं कळलं होतं.

भास्कर माझा मावसभाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी धाकटा. मुंबईला जाऊन आर्किटेक्ट होऊन आलेला आमच्या धरणगावचा पहिला मुलगा. नुकती कुठे चाळिशी ओलांडली होती, आणि धुळ्यात विषमज्वराने गेला. त्याला आता सहा आठवडे झाले. माझ्या हातून लेख वगैरे होत नाहीत, तरी लिहायला बसले आहे ते एका कारणासाठी. एखादं काम वरून सुबक आणि आतून कच्चं निघालं, की आमच्या गावात आजही म्हणतात, ‘हे भास्करचं छत दिसतंय.’ नऊ वर्षं मी हे ऐकून घेतलं, आणि तोंडातून ब्र काढला नाही. ते छत भास्करच्या चुकीने वाकलं नव्हतं. कोणाच्या चुकीने वाकलं ते मला ठाऊक आहे आणि ते मी इथे सांगणार आहे. पण आधी थोडा भास्कर सांगू द्या, नाहीतर तोही त्या छताएवढाच उरायचा.

लग्न होऊन वर्षाच्या आत माझं कपाळ पांढरं झालं. आई आधीच गेलेली, म्हणून मी मावशीकडे राहायला आले. भास्कर तेव्हा जळगावला हायस्कुलात होता. पुढे मी धुळ्याला ट्रेनिंग करून शिक्षकीण झाले आणि तो मुंबईला गेला. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत आला तो काखेत पत्र्याची लांब नळी घेऊनच. तिच्यातून एक भलामोठा कागद काढून त्याने ओसरीवर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार तांबे ठेवले. कागदावर ग्रीस देशातल्या देवळाचा एक खांब होता. शाईचे पातळ पातळ हात एकावर एक देऊन सावली अशी उतरवली होती, की हात लावला तर गार लागेल. एवढ्या खांबाला दोन महिने लागले म्हणे. मावशीने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “खांब चांगला शे रे भाऊ. पन त्यानावर घर कोठे शे?” भास्करचा चेहरा पडला. रात्री जेवताना मात्र तोच एकटा हसत सुटला.

पुढच्या वर्षी त्याला थंड हवेच्या ठिकाणी साहेबलोकांसाठी नाचघर काढायला सांगितलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी समुद्रकाठी पोहण्याचा हौद. ज्याच्या गावच्या बायका उन्हाळ्यात नदीपात्रात झिरा खणून वाटीवाटीने पाणी भरतात, त्याच्याकडे पोहण्याचा हौद! त्याने बिचाऱ्याने तो काढला, आणि वर्गात दुसरा आला. सुट्टीत मावशीने त्या कागदाच्या पाठीवर उडदाचे पापड वाळत घातले. मी धास्तावून धाब्यावर गेले, तर हा तिथेच उभा राहून पापड उलटे करत होता. “अक्का,” मला म्हणाला, “हौद पहिल्यांदा कोणाच्या तरी उपयोगी पडला.”

धाब्यावरून आठवलं. परगावच्या वाचकांसाठी सांगते, की आमच्याकडची घरं धाब्याची असतात. सपाट छत, सागाच्या तुळयांवर फळ्या, त्यावर माती आणि सगळ्यांत वर पांढरट खारी माती. ही खारी पाणी आत उतरू देत नाही. दर ज्येष्ठात, पावसाच्या आधी, घरोघर तिचा नवा थर पडतो. बायका पदर खोचून टोपल्या वर चढवतात. ज्या घरावर खारी पडली नाही तिथे एकतर सुतक आहे किंवा सून आळशी आहे असं समजायचं. भास्करला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. ‘एखादं जुनं घर मोजून आणा’ असं कॉलेजातून सांगितलं तेव्हा त्याने मावशीचंच घर मोजलं. फितीचं दुसरं टोक धरून मी दिवाळीचे चार दिवस त्याच्या मागे हिंडले. धाब्याला एका कोपऱ्यात भोक पाडून त्याने मातीत पट्टी घातली, तर ती हातभर आत गेली. “एवढी माती कशाला?” त्याने आईला विचारलं. “दर सालनी खारी शे ती,” मावशी म्हणाली. “पयली काढतस का कोनी?” त्याने ते वहीत लिहून घेतलं. ती वही मी नंतर पाहिली आहे.

शेवटच्या वर्षाला विषय ज्याचा त्याने निवडायचा होता. त्याच्या सोबत्यांनी नाट्यगृहं काढली, बँका काढल्या. भास्करने काढली खानदेशातल्या तालुक्याच्या गावची मुलींची शाळा. त्या वेळी माझी शाळा एका धर्मशाळेच्या पडवीत भरत असे. त्याने मला पत्र पाठवलं, ‘अक्का, तुझ्या पोरींना काय काय लागतं ते कळव.’ मी कळवलं, की माझ्या निम्म्या पोरी धाकटं भावंड कडेवर घेऊन येतात. आया कपाशी वेचायला गेल्या की दुसरं करायचं काय? मूल वर्गात ठेवावं तर रडतं, बाहेर ठेवावं तर पोरीचं लक्ष पाटीवर नसतं. त्याने वर्गाबाहेर बुटक्या कठड्याची पडवी काढली आणि खिडक्या इतक्या खाली घेतल्या, की जमिनीवर बसलेल्या पोरीला आपलं भावंड दिसावं. परीक्षकांनी विचारलं, “या इमारतीला दर्शनी शोभा कुठे आहे?” हा म्हणाला, “ती दहा वाजता येते आणि पाच वाजता घरी जाते.” या उत्तरापायी मार्क कापले गेले असं तो सांगायचा... खरंखोटं देव जाणे.

मुंबईत एका मोठ्या कचेरीत दोन वर्षं त्याने नुसते जिन्यांचे कठडे काढले. मग कंटाळून धुळ्याला आला, एक खोली घेतली आणि पाटी लावली. वर्षभर कोणी फिरकलं नाही. आमच्याकडे घर बांधायचं तर लोक गवंड्याकडे जातात. नकाशा कशाला, तो गवंड्याच्या डोक्यात असतोच की! अखेर आमच्या शाळा-कमिटीने त्याला बोलावलं. अध्यक्ष कापसाचे मोठे आडते होते, गाव त्यांना नाना म्हणे. कॉलेजातल्या त्याच कागदावरून शाळा उभी राहिली, तीच पडवी, त्याच खिडक्या. दर रविवारी तो सर्व्हिस मोटारने यायचा आणि उन्हात उभा राहून विटा मोजायचा. शाळेवर दर साल खारी कोण टाकत बसणार, म्हणून छतावर त्याने चुन्याचा पक्का कोबा केला, पाण्याला ढाळ दिला, आणि तुळया त्या वजनाला पुरतील अशा घेतल्या. या छताला माती लागत नाही हे त्याने गवंड्याला सांगितलं, नानांना सांगितलं; त्यांनी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं. मला सांगायचं राहिलं. घरच्या माणसाला काय सांगायचं!

पहिल्याच ज्येष्ठात मावशीने विचारलं, “शाळाना धाबावर खारी नही टाकी? पोरी बठ्ठ्या वल्या व्हतीन ना!” मला लाज वाटली. सगळ्या गावाच्या घरांवर खारी पडलेली, आणि माझी शाळा तेवढी उघडी. मी मोठ्या पोरींना घेऊन नदीकडून खारी आणली, पदर खोचून स्वतः पसरली आणि चोपली. पोरींच्या आयाही आल्या. गाणी म्हटली, वर गूळ-शेंगदाणे वाटले. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या नि चौथ्या वर्षीही तेच. माझ्या भावाने बांधलेली इमारत, तिला मी इतरांपेक्षा दोन टोपल्या जास्तच टाकायची. दोन वर्गांमधल्या लाकडी पडदीतलं दार वरून घासायला लागलं, तेव्हा मी सुताराला बोलावून दार तासून घेतलं. पुढच्या वर्षी पुन्हा तासलं. दार कधी वाढत नसतं, वरचं खाली येत असतं, हे पोरींना गणित शिकवणाऱ्या बाईला कळलं नाही.

मग एका सकाळी प्रार्थना चालू असताना छताचा मोठा पोपडा पोरींच्या पाट्यांवर येऊन आदळला. पोरी बाहेर ओळीत उभ्या होत्या म्हणून वाचल्या. आत पाहिलं तर मधली तुळई पोटात वाकलेली. शाळा बंद केली, भास्करला तार गेली. तो आला, शिडी लावून वर चढला. खाली मी एकटीच होते. बऱ्याच वेळाने उतरला तेव्हा हातात खारीचं एक ढेकूळ होतं.

“खारी कोनी टाकी, अक्का?”

“मी टाकी. दर साल.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग ते ढेकूळ कोटाच्या खिशात घातलं आणि कमिटीच्या बैठकीला गेला.

त्या बैठकीत पुरुष मंडळींच्या मागे मी दाराशी उभी होते. एकजण म्हणाला, पोरींची शाळा हवी कशाला, देवानेच कौल दिला. दुसरा म्हणाला, बाईच्या हाती इमारत दिली की असंच व्हायचं. मी मातीचं बोलले असते तर माझी नोकरी गेली असतीच, आणि माझ्यामागे शाळाही गेली असती. नानांनी विचारलं, “भास्करराव, कारण काय?” भास्कर उभा राहिला. “कारण मी,” तो म्हणाला. “तुळयांचा हिशेब मी कमी धरला. बाईंनी इमारत नीट राखली. दोन खांब देऊन मी छत सावरतो, पुढच्या महिन्यात शाळा भरेल.” मी तोंड उघडायला हवं होतं. मी घाबरले... सरळ सांगते, घाबरले आणि गप्प राहिले.

माती उतरवली गेली, दोन्ही वर्गांच्या मधोमध एकेक सागाचा खांब उभा राहिला आणि शाळा भरली. जळगावच्या वाचनालयाची इमारत त्याला मिळायची होती, ती दुसऱ्याला मिळाली. गावोगाव ‘भास्करचं छत’ झालं. कित्येक वर्षं त्याच्याकडे गोठे नि पायऱ्या यांच्यापलीकडे काम आलं नाही. मग लढाई लागली, सिमेंट मिळेना, आणि मुंबईहून आणलेले नकाशे लोकांच्या घरी पडून राहिले. तेव्हा हाच यावल-भडगावपर्यंत धाब्याची नवी घरं बांधत हिंडला, हवेशीर आणि टिकाऊ. काम घेतलं की आधी घराच्या धाब्यावर चढायचा आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला वर बोलावून विचारायचा, “माय, आठे तुम्ही काय काय करतस?” लोक हसायचे. एकदा त्याच्या ओट्यावर मी विषय काढला, “भास्कर, त्या दिवशी बैठकीत—” तर म्हणाला, “अक्का, चहा थंड व्हई जाई.” विषय तिथेच संपला, आणि मला सुटल्यासारखं वाटलं याची आज लाज वाटते.

तेराव्यानंतर कमलने मला त्याच्या खोलीत नेलं. टेबलावर अर्धा झालेला नकाशा होता आणि त्यावर वजन म्हणून ते खारीचं ढेकूळ... वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. नऊ वर्षं माझी चूक याने रोज डोळ्यांसमोर ठेवली होती तर! टेबलाशी त्याचे ड्राफ्ट्समन गोविंदराव बसले होते, पन्नाशीचे, पिकल्या मिशांचे. कमलने माझी ओळख करून दिली तशी ते उभेच राहिले.

“म्हणजे त्या अक्का तुम्ही?”

“कोणत्या?”

त्यांनी कपाटातून वजनांच्या हिशेबाचे जुने कागद काढले. प्रत्येक कागदावर भास्करच्या हातच्या ओळी होत्या, भिंत, तुळई, फळ्या, कोबा, पाऊस, माणसं. आणि बेरजेच्या आधी, प्रत्येक कागदावर, शेवटची ओळ होती ‘अक्का’. तिच्यासमोर आकडा होता. “साहेबांची पद्धत,” गोविंदराव म्हणाले. “मी विचारलं तर म्हणाले, घरावर माया करणारं माणूस असतंच. ते न विचारता वर काहीतरी टाकतंच. त्याला टाकू नको म्हणायचं नाही, आपण आधीच धरून चालायचं. रोज संध्याकाळी विचारायचे, गोविंदराव, अक्का धरली का?”

मला रडू आवरेना. कमलने पाणी आणून दिलं. गोविंदरावांनी ढेकूळ अलगद बाजूला सरकवून टेबलावरचा शेवटचा हिशेब माझ्यापुढे केला. एरंडोलकडच्या कुठल्याशा घराचा होता. सगळ्या ओळी भरलेल्या होत्या. ‘अक्का’ लिहिलं होतं, आकडा घालायचा राहिला होता.

“काम तर पुरं करायला हवं,” ते म्हणाले. “किती धरू?”

मी डोळे पुसले आणि ढेकूळ होतं तिथे कागदावर ठेवलं.

“जरा जास्तच धरा,” मी म्हटलं.