गुपचूप सातारा, गुपचूप सांगली

आईला मी सांगितलं होतं की विमान शुक्रवारी उतरतंय. प्रत्यक्षात गुरुवारी सकाळीच मी पुण्यात हजर होते. हे वाचून ज्यांच्या तोंडून "शी, आईशी खोटं?" असं निघालं असेल त्यांनी इथंच थांबावं. उरलेल्यांनी, म्हणजे दारावर पाहुण्यांची चाहूल लागली की ज्यांना बाथरूममध्ये जाऊन बसावंसं वाटतं त्यांनी, खुशाल पुढे वाचावं. ही सहल तुमच्यासाठीच आहे.

मी मूळची कुपवाडची. गेली चार वर्षं फिनलंडमध्ये टांपेरे नावाच्या गावात राहते, आधी शिकायला, मग नोकरीला. कागद बनवणाऱ्या मशीनचे सेन्सर तपासते. लोक विचारतात, तिकडं एवढ्या थंडीत करमतं कसं? अहो, स्वर्ग आहे! बसथांब्यावर माणसं एकमेकांपासून इतकी लांब उभी राहतात की भांडण झालंय वाटावं, आणि कुणालाच त्यात वाईट वाटत नाही. शेजारच्या आजोबांशी चार वर्षांत माझं एकूण बोलणं म्हणजे 'मोई'. तिकडचा नमस्कार. ते मोई म्हणतात, मी मोई म्हणते, विषय संपला.

आणि असल्या मुलीची आई कोण, तर एसटीतून रिटायर झालेली कंडक्टर. सांगली-सातारा मार्गावर सगळी नोकरी काढलेली, आणि गप्प बसणं हा प्रकार जिला ठाऊकच नाही. घरचा कारभारसुद्धा ती घंटीवर चालवायची. ताटावर उलथनं एकदा वाजलं की थांब, दोनदा वाजलं की चल. मी जेवता जेवता उठले की टण. शाळेला निघाले की टण-टण.

आता भानगड काय होती ते सांगते. कंपनीनं मला कायमची नोकरी देऊ केली होती, परत गेल्या गेल्या उत्तर द्यायचं होतं, आणि माझं उत्तर हो असं ठरलेलं होतं. आईचं मात्र ठरलं होतं की करार संपला की पोरगी घरी. तिनं माडीवरची खोली रंगवूनही घेतली होती. फोनवर म्हणाली, "येतीस न्हवं आता कायमची?" आणि मी म्हणाले, "बघते." आमच्या घरात 'बघते' म्हणजे हो! तिच्यापुढं माझं नेहमी हेच होतं. ती बोलत सुटते, आणि ते थांबावं म्हणून मी कशालाही मान डोलावते. इंजिनिअरिंगला मी अशीच गेले. म्हणून हे दोन दिवस चोरले होते, एकच वाक्य पाठ करायला. "आई, मी तिकडंच राहणार आहे."

स्वारगेटहून साताऱ्याच्या गाड्या सारख्या सुटतात. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा टॅक्सीवाल्यांच्या नादी लागू नका. साताऱ्याला उतरून पावकिलो कंदी पेढे घेतले, त्यातले चार तिथंच संपवले, आणि वाईवरून पाचगणीला जाणाऱ्या गाडीत खिडकी पकडली.

कंडक्टर पिकल्या मिशांचे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मशीनकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं. मी मनात उत्तरं तयार ठेवली होती, कारण आपल्याकडं पुढचे प्रश्न ठरलेले असतात: कुठल्या तुम्ही, एकट्याच का, मालक काय करतात. पण नाही! "दांडेघर फाटा," मी म्हणाले. त्यांनी तिकीट दिलं आणि फोन काढून खाली उतरले. गाडी सुटताना वर आले तेव्हा एकदम गंभीर झालेले. शेजारच्या मावशींनी "कुठं गं बाई..." एवढं म्हटलं, तेवढ्यात कंडक्टरना मोठ्ठा खोकला आला. त्यांनी पुढं वाकून मावशींच्या कानात काहीतरी सांगितलं. मावशींनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू मी नुकतीच दवाखान्यातून सुटलेय, आणि भाजलेल्या शेंगांची मूठ माझ्या हातात ठेवली. पसरणी घाट संपेपर्यंत एक शब्द नाही. मी खिडकीतून धोमचं पाणी बघत, शेंगा खात, ओठातल्या ओठात वाक्य घोकत राहिले.

मुक्काम मालनकाकींच्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यात होता. दोन वेळचं जेवण, नाश्ता धरून खोली दीड हजारात; जानेवारीत आधी फोन करून ठेवा. फोनवर काकींनी माझी पार चौकशी केली होती, अगदी लग्नाचं का लांबलंय इथपर्यंत. प्रत्यक्षात मात्र फाट्यावर उतरले तर काकी नुसत्या हसल्या. खोली दाखवली. पिठलं-भाकरी आणि वाटीभर स्ट्रॉबेरी पुढ्यात ठेवली. त्यांचे ओठ असे घट्ट मिटलेले की मला वाटलं दाढ दुखत असावी.

संध्याकाळी मळ्याच्या टोकाला, दरीकडं तोंड करून मी मोठ्यानं सराव केला. आधी समजुतीच्या सुरात, मग रडक्या, मग चिडक्या. "आई, मी तिकडंच राहणार आहे!" ऐकायला फक्त एक कुत्रं होतं. काकी वाफ्यात वाकून गवत काढत होत्या खऱ्या, पण बऱ्याच लांब. आणि मी खूश होऊन मनातल्या मनात या ब्लॉगचं वाक्यसुद्धा तयार केलं: सातारा जिल्ह्याचं फिनलंड झालंय, अबोल माणसांनो, बॅगा भरा!

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला खाली आले आणि सांगलीची गाडी धरली. आता कंडक्टर बाई होत्या. उंब्रजला गाडी चहाला थांबली. टपरीवाल्यानं मी काही बोलायच्या आत ग्लास पुढं केला. बिनसाखरेचा! मी बिनसाखरेचाच पिते. म्हटलं, काय माणूस आहे, चेहरा बघून ओळखतो. वडापाव चांगला आहे, पण मिरची जपून खा.

कराडला खांद्यावर घोंगडं टाकलेले एक आजोबा शेजारी बसले. जतकडचे, मेंढरंवाले. त्यांना माझ्याशी बोलायचं होतं हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं.

"कुठलं गाव म्हणायचं तुमचं..."

"आवं आजोबा!" कंडक्टर बाई मागून ओरडल्या. "तिकीट दावा."

"मगाशीच दिलंसा की तुमी."

"तरी दावा."

आजोबांनी बंडीच्या खिशातून तिकीट काढलं, दाखवलं, परत ठेवलं. इस्लामपूरच्या अलीकडं गाडी उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकली तेव्हा त्यांनी परत तोंड उघडलं. "पाव्हणं, शिकाय हाय काय नोकरीला?" "आजोबा, तिकीट!" आष्ट्याला पुन्हा तेच. शेवटी म्हातारा भडकला. "गाडीत बोलायबी तिकीट लागतंय व्हय आता? कवापास्नं?" सगळी गाडी हसली. मी पण हसले. मला वाटलं, काय गमतीदार बाई आहे. मूर्ख मी!

सांगलीच्या स्टँडवर भडंग घेतलं आणि रिक्षानं कुपवाडला निघाले. कारखाने नुकतेच सुटले होते, रस्ताभर मोटारसायकली. वाक्य एकदा म्हणून बघितलं, अजून पाठ होतं.

दार उघडंच होतं.

"आलीस? हातपाय धू," आई म्हणाली. बस. विमान कसं होतं, वाळलीस किती, काही नाही. भरीत, भाकरी, शेंगदाण्याची चटणी वाढली आणि समोर बसली. गप्प! आमच्या घरातल्या घड्याळाला आवाज आहे हे मला जन्मात पहिल्यांदा कळलं. फिनलंडमध्ये चार वर्षं काढलेली मी, पण ती शांतता मला सोसेना.

"आई, बोल की काहीतरी."

"तू बोल. कालपास्नं पाठ करतीयास न्हवं?"

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं. आणि मग सगळं बाहेर आलं. पिकल्या मिशांचे कंडक्टर तिच्या हाताखाली तयार झालेले. लहानपणी सगळी सुट्टी मी तिच्या गाडीत काढायची, त्यांनी लगेच ओळखलं. गाडी सुटायच्या आधीच त्यांचा फोन: "बाई, तुमची पोरगी एकटीच दांडेघर फाट्याला चाललीया. घरात काय झालंय का?"

"मला वाटलं, कोण पोरगा-बिरगा हाय," आई म्हणाली. "मग म्हटलं, तसलं आसतं तर बरंच झालं आसतं. सगळ्यांस्नी सांगितलं, तिच्याशी कुणी बोलू नका. तिला माणसांचा तरास हुतो. एकटी निघालीया, निघू दे."

"मालनकाकींना पण?"

"दांडेघर म्हटल्यावर तिलाच फोन लावला. तिची स्ट्रॉबेरीची खोकी आमच्याच गाडीतनं जायची की! तिनंच सांगितलं काल. पोरगी दरीकडं तोंड करून वराडतीया म्हणाली. मी तिकडंच ऱ्हाणार म्हणून."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "मग? तू काय केलंस?"

"काय करणार? काल सगळं रडून घेतलं, चिडून घेतलं. आज भरीत केलं." तिनं पदरानं नाक पुसलं. "पण मालनकडनं आलेलं मी धरत न्हाई. तुझ्या तोंडानं सांग."

समजुतीचा सूर, रडका सूर, सगळे पळून गेले. "आई, मला तिकडं बरं वाटतं," मी म्हणाले. "मी तिकडंच राहणार आहे."

आईनं उलथनं उचललं आणि ताटाच्या कडेवर मारलं. टण.

एकच. एक घंटी म्हणजे थांब. तिचा हात तसाच वर राहिला, डोळे भरलेले. 'बघते' माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, मी ते भाकरीबरोबर गिळलं आणि तिच्याकडं बघत राहिले.

टण.

"माडी भाड्यानं देणार मी आता," आई म्हणाली. "आलीस की हॉलमधी झोपायचं." आणि त्यानंतर ती जी बोलायला लागली ती माझी सुट्टी संपेपर्यंत थांबली नाही.

तर अबोल मित्रमैत्रिणींनो, माझा साताऱ्याबद्दलचा निष्कर्ष रद्द समजा. तिथली माणसं बोलतात, भरपूर बोलतात. मला मिळाली ती शांतता एका बाईनं दोन दिवस स्वतःचं तोंड आवळून, सगळा मार्ग गप्प करून मला दिलेली होती. तिला ते किती जड गेलं असेल याचा विचार आला की अजून गलबलतं.

टांपेरेला परत आले. इथल्या बसमध्ये थांबायचं बटण असतं. दाबलं की एकदाच टिंग होतं. परवा माझा थांबा आला, मी बटण दाबलं, आणि का कोण जाणे, हातातल्या कड्यानं समोरच्या दांड्यावर आणखी एक टण केलं. शेजारचे आजोबा त्याच बसमध्ये होते. त्यांनी दचकून बघितलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा मोईच्या पुढचं बोलले: "हे काय होतं?"

मी सांगायला लागले. आम्हा दोघांचाही थांबा चुकला.