मंगळवारचा भात

सांगू का नको, असं करता करता वर्ष गेलं. पण आता चहा टाकलाय, तुम्ही बसलाच आहात, तर ऐका. माझ्या ह्या दोन हातांनी मी एका हुशार पोरीचं संशोधन नासवलं. आणि कशानं म्हणाल? ताज्या भातानं!

हसू नका. भात शिळा झाला की नासतो, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. ताजा भात देऊनही काही नासवता येतं, हा शोध मात्र माझा.

आमचा पाडा तानसा तलावाच्या अंगाला. आटगाव स्टेशनावरून रिक्षानं अर्धा तास, मग थोडं पायी. गेल्या उन्हाळ्यात एक दिवस एक पोरगी दारात उभी राहिली. पाठीला बॅग, डोक्याला टोपी, हातात थर्माकोलची पेटी. मला वाटलं लस टोचायला आली.

"बाय, आमच्या घरात आता टोचायला लहान कोणी नाय. आमी दोघंच," मी म्हटलं.

ती हसली. नाव म्हणाली अनुजा. मुंबईकडच्या कुठल्याशा कॉलेजात अन्नातल्या जंतूंचा अभ्यास करत होती. दोन वर्षं झाली होती, तो पुरा झाला की मोठी पदवी मिळायची होती.

"बाबा, मला तुमच्याकडचा भात पाहिजे."

"मग बस की! आताच रांधतो."

"तसा नाही हो. रात्रीचा उरलेला. सकाळी तुम्ही न्याहारीला खाता ना, तो शिळा. मूठभर पुरे. दर मंगळवारी सकाळी सातला येईन."

"शिळा?"

"शिळाच. आणि बाबा, मुद्दाम काही करू नका हां. असेल तो द्या."

झालं! घोटाळा तिथंच झाला.

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे पाहुणा 'मुद्दाम काही करू नका' म्हणतो, तेव्हा काय करायचं असतं? मुद्दामच करायचं असतं! 'चहा नको' म्हणाला की आधण ठेवायचं. 'पोट भरलंय' म्हणाला की आणखी एक भाकरी वाढायची. आणि 'असेल ते चालेल' म्हणाला की कोंबड्यामागं धावायचं. जावई म्हणाला 'असेल ते चालेल' आणि सासऱ्यानं खरंच असेल ते वाढलं, तर तो जावई पुन्हा त्या दारात दिसेल का? सारा जन्म मी हेच करत आलो.

पोरीनं एका कागदावर माझा अंगठा घेतला, पाड्यातल्या आणखी दहा-बारा घरांचे घेतले आणि गेली.

मंगळवारी तांबडं फुटायच्या आधी मी चूल पेटवली. म्हातारी उठून बसली.

"अवो, हे काय चाललंय?"

"भात रांधतोय. पोरगी यायचीय."

"तिनं शिळा मागितलाय ना? तो काय मडक्यात हाय."

"मागितला म्हणून द्यायचा? लाजेनं मागितला असेल गो. एवढी शिकलेली पोर उन्हातान्हाची यायची, आणि तिच्या हातावर शिळा भात ठेवू?"

"ती खाणार नाय. तपासणार हाय!"

"तपासणार असेल तर आणखीच चांगला द्यायला पायजे!"

म्हातारीनं कपाळाला हात लावला. "तुमाला सांगायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी," म्हणाली आणि पुन्हा आडवी झाली.

मी आपला शांतपणे कामाला लागलो. जुना तांदूळ काढला, तीन पाण्यांनी धुतला. रात्रीचा भात ताटलीत काढून चुलीजवळ ठेवला, मडकं राखेनं घासलं, लख्ख केलं. नवा भात शिजल्यावर परातीत पसरला आणि सुपानं वारा घातला, थंड होईपर्यंत. मग मडक्यात भरला आणि वर पळसाची पत्रावळ झाकली. भात असा मोकळा झाला होता म्हणता! शीत न् शीत वेगळं.

सात वाजता अनुजा आली. हातात मोजे घातले, कागदात गुंडाळलेला चमचा काढला, मूठभर भात पिशवीत घेतला, पिशवी बांधली, वर काहीतरी लिहिलं आणि पेटीत बर्फावर ठेवली. आयुष्यभर मी तापलेल्या बांधावर बसून जेवलो, आणि माझा भात बघा, बर्फाच्या गादीवर बसून मुंबईला निघाला!

पुढच्या मंगळवारी पोरगी आली ती धावतच.

"बाबा, गंमत झाली! सगळ्या घरांच्या भातात जंतू सापडले. कुठे थोडे, कुठे खूप. तुमचा भात मात्र अगदी साफ!"

माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटायचं बाकी. शाळेची पायरी कधी चढलो नाही, आणि परीक्षेत पहिला आलो! कुंपणापलीकडे धर्मा उभा होता. आमचा शेजारी, लहानपणापासूनचा सोबती. त्याच्या भातात सगळ्यांत जास्त जंतू निघाले होते.

"धर्मा," मी म्हटलं, "मडकी घासत जा रे जरा!"

"माझं मडकं तुझ्या तोंडापेक्षा साफ हाय!" धर्मा म्हणाला. "तुझ्याच भाताला जंतू का शिवत नाय? चव नसेल त्याला!"

तिसऱ्या मंगळवारी अनुजानं एक लहानशी दुर्बीण आणली. लांबचं बघायची नव्हे, बारीक बघायची. धर्माच्या भातातले जंतू काचेवर वाढवून आणले होते. मला म्हणाली, "बाबा, बघायचंय?"

बघायचंय म्हणजे काय! मी एक डोळा मिटला, दुसरा नळीला लावला. आत काळे लांब लांब केस.

"बाय, जंतूंना केस असतात?"

"बाबा, ती तुमची पापणी आहे. जरा मागे व्हा."

मागं झालो, आणि काय सांगू! उजेडाच्या गोल ताटात मुगाच्या शेंगा विस्कटाव्या तशा बारीक कांड्या. काही नुसत्या, काहींच्या पोटात एकेक चमकता दाणा. मी किती वेळ बघत बसलो कोण जाणे. चहा गार झाला.

"हा दाणा कसला गो?"

"ते त्यांचं बी समजा. भात उकळला तरी हे बी मरत नाही. मग भात कोमट होऊन तसाच पडून राहिला की रुजतं."

"म्हणजे राबासारखंच की! आमी राब भाजतो, पेरायच्या आधी जमिनीवर पालापाचोळा जाळतो, वाटतं सगळं तण जळून गेलं. आणि रोपांबरोबर तण वर येतंच."

अनुजा माझ्याकडे बघतच राहिली. "बाबा, इतकं सोपं तर मलाही सांगता आलं नसतं."

"आणि हे रात्री झोपतात का?"

"रात्रीच तर वाढतात! ऊब मिळाली की अर्ध्या तासात एकाचे दोन."

"म्हणजे मुंबईपेक्षा लवकर!"

त्या दिवशी मला सगळं कळलं बरं का. पोरीला शिळाच भात हवा होता, मनापासून हवा होता. लाजबीज काही नव्हती. मग तुम्ही विचाराल, बाबा, तेव्हाच का नाही बोललात?

काय बोलू? आधीच्या भातांचं काय सांगू? आणि समजा गुपचूप पुढच्या मंगळवारी शिळा दिला असता, तर त्यात जंतू निघाले असते. मग धर्मानं मला जगू दिलं असतं का? शिवाय खोटं सांगू कशाला, पहिल्या नंबराची चटक वाईट. मी पुन्हा पहाटे चूल पेटवली.

इकडे पोरीचं कुतूहल वाढत चाललं. एकाच घरात जंतू का नाहीत? तिनं विचारायला सुरुवात केली.

"बाबा, मडकं कुठलं?"

"मुरबाडच्या बाजारातलं."

"झाकता कशानं?"

"पळसाच्या पत्रावळीनं."

"ठेवता कुठे?"

"चुलीजवळच असतं ना बाय."

"आणि घासता?"

"राखेनं."

एक शब्द खोटा नव्हता, देवाशप्पथ! पण भात शिजवला कधी, एवढं सोडून तिनं सगळं विचारलं. तिला वाटायला लागलं की पळसाच्या पानात काहीतरी गुण आहे, नाहीतर धुरात, नाहीतर राखेत. एका मंगळवारी पत्रावळी घेऊन गेली, एका मंगळवारी मडकं. शेवटी माझ्या चुलीतली राखसुद्धा बर्फावर बसून मुंबईला गेली! तिचे सर म्हणाले होते, हे खरं निघालं तर मोठी गोष्ट आहे. पोरीच्या तोंडावरचं तेज बघून मला भात गिळवेना.

सात मंगळवार झाले. आणि मग एका गुरुवारीच ती आली. पेटी नव्हती. बरोबर एक चष्मेवाले बारीकसे गृहस्थ होते. तिचे सर.

सर फार सभ्य माणूस. पाणी प्यायले, खाटेवर बसले, मडकं बघितलं, चूल बघितली. मग हळू आवाजात पोरीला म्हणाले, "अनुजा, ह्यांचंच मडकं, हेच पान, हीच राख. मी स्वतः प्रयोगशाळेत करून पाहिलं. भात रात्रभर ठेवला, जंतू भरपूर वाढले. मग इथेच का वाढत नाहीत? तुझ्या पिशव्यांची अदलाबदल झाली असेल. किंवा..."

'किंवा'च्या पुढे ते बोलले नाहीत. न बोललेलंच जास्त लागतं.

"सर, एकूणएक पिशवी मी स्वतः बांधलीय," ती म्हणाली.

"मान्य. पण एका घराचं चुकलं असेल, तर बाकी घरांवर, आधीच्या गावांवर भरवसा कसा ठेवायचा? सगळं पहिल्यापासून करावं लागेल. दोन वर्षांचं काम आहे, मला कळतंय."

पोरगी खाली मान घालून जमिनीकडे बघत बसली. म्हातारी दारात उभी होती. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईचं ते बघणं तुम्हाला ठाऊक आहे ना? त्यात ओरडण्यापेक्षा जास्त आवाज असतो.

मी उठलो. "साहेब, पोरीची काय चूक नाय. भात ताजा हाय."

"आजचा?"

"पयल्या मंगळवारपासूनचा. पहाटं उठून रांधायचो, सुपानं गार करायचो, मडक्यात भरायचो."

कुंपणापलीकडून धर्माचा आवाज आला, "आता बोल! मडकी घास म्हणत होता!"

अनुजा ताडकन उठली. "बाबा! मी तुम्हाला सांगितलं होतं, मुद्दाम काही करू नका म्हणून!"

"म्हणून तर केलं, बाय!"

सरांनी चष्मा काढला. मला वाटलं आता पोलीस. पण त्यांचे खांदे हलायला लागले. माणूस हसत होता! डोळे पुसत म्हणाले, "माझी आई साताऱ्याची. पाहुणा 'नको' म्हणाला की ती दोन वाढायची. मलाच सुचायला हवं होतं. अनुजा, तुझं काम बरोबर आहे. ताज्या भातात जंतू वाढलेले नसणार, ते तू बरोबर मोजलंस. हे एक घर बाजूला काढ. बाकीची सगळी घरं राहतील."

पोरीनं एवढा मोठा श्वास सोडला की चुलीतली राख उडाली असती. मग माझ्याजवळ येऊन बसली. रागावली नाही. मी कान पकडले तर हात खाली घेतले माझे. मला बरं वाटलं. म्हटलं, सुटलो!

पण सर संशोधक पडले ना. असा माणूस एका उत्तरावर थांबतो का?

"बाबा, एक सांगा," ते म्हणाले. "मग रात्रीचा खरा शिळा भात कुठे जायचा?"

"टाकतोय होय? अन्न हाय ते. मीच खायचो. तिच्यादेखत कसा खाणार? पोरगी सगळी घरं फिरून गेली की मग बसायचो न्याहारीला."

"म्हणजे किती वाजता?"

"दहा, साडेदहा."

सरांनी अनुजाकडे पाहिलं, अनुजानं सरांकडे.

"भर उन्हाळ्यात," सर सावकाश म्हणाले, "रात्रीपासून साडेदहापर्यंत, चुलीच्या उबेला?"

आणि तेवढ्यात दारातून म्हातारी कडाडली, "अस्सं! म्हणून मंगळवारी दुपारी आंब्याखाली ओकत बसतात होय! आणि मला म्हणतात, तुझी सुकटीची आमटी बाधली! सात मंगळवार माझ्या आमटीला नावं ठेवली ह्या माणसानं!"

"खाल्ल्यावर साधारण किती तासांनी, आजी?" सरांनी इतक्या अदबीनं विचारलं, जणू पीकपाणी विचारताहेत.

"दोन-अडीच. घड्याळ लावून घ्या!"

"सातही मंगळवार?"

"एक चुकला. त्या दिवशी भात उरला नव्हता."

अनुजानं वही उघडली. माझ्या भाताच्या पानावर एक मोठी फुली मारली, कोरं पान काढलं आणि भराभरा लिहायला लागली. मी जरा वाकून बघितलं, पण मला काय कळणार?

"आता काय लिवतेस गो? माझं घर तर बाद झालं ना?"

"बाबा, सात आठवडे मी ह्या घरात जंतू शोधत होते. आज सापडले."

"कुठं?"

पोरीनं पेनाचं टोक तेवढं माझ्या पोटाकडे केलं.