साहेबदेवाचा शेंदूर

पोराचे डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले, तोंडातून फेस. मी त्याले छातीशी धरून अंगनातून पळाली, पायात चप्पल नाई, डोक्यावर पदर नाई. गावात गाडी एकच होती, आन् ती साहेबदेवाजवळ उभी होती. मागून सासू पळत येऊन राह्यली होती आन् ओरडत होती, "गाडीत नको बसू वं! पहिले शेंदूर लाव देवाले! पहिले शेंदूर!"

साहेबदेव म्हनजे आमच्या गावाच्या शिवेवरचा उभा दगड. माझं माहेर भद्रावतीचं. सातवी झाली आन् लगन लावून मले एटापल्लीच्या पल्याड, जंगलातल्या या गावात दिलं. जुन्या काळी लाकडं तोडाले एक गोरा साहेब इथी आला होता, इथीच मेला, त्याच्यावर हा दगड उभा केला, असं सासूनं मले सांगतलं होतं. लेकरांवर त्याचा लई जीव होता म्हने. म्हनून गावात लेकरू झालं का माय त्याले घेऊन जाते, दगडाले तेलशेंदराचा एक हात देते, आन् पुढं एक बीडी पेटवून ठेवते. एका लेकराचा एक थर. असं करत करत दगड फुगून गेला होता, कोना कुठी आहे ते समजे नाई. सगळ्यात वरचा थर माझ्या पोराचा होता.

आन् त्या थरांच्या खाली साहेबाचं नाव कोरलं आहे, असं त्या हप्त्यात गावात आलेला एक परदेशी म्हातारा म्हने.

म्हातारा अमेरिकेचा, पन त्याचे वाडवडील जर्मनीचे. संगं नागपूरच्या एक बाई होत्या, त्याचं बोलनं आमाले सांगाले. गावातली ती एकच गाडी त्याचीच. तिघं भाऊ घर सोडून निघाले होते. दोघं अमेरिकेत गेले, पडीक जमीन फोडून शेती केली, गाव वसवलं, त्यातल्या एकाचा हा पनतू. तिसरा इकडं लाकडाच्या कामाले आला आन् त्याचा पत्ताच नाई. तिकडं त्यांच्या गावात एका दगडावर दोघांचीच नावं कोरली आहेत, तिसऱ्याची जागा कोरी. कुठी मेला ते पक्कं झाल्याबिगर कोरत नाईत.

पारावरचे मानसं हासले. एक जन म्हने, "एवढ्या दुरून पनज्याच्या भावाले शोधाले आला? आमाले तं बाप सापडत नाई, दारूच्या भट्टीवर जाऊन पाहा लागते."

माझे सासरे गावचे पाटील. त्यायनं दोन दिवस इचार केला. मंग म्हनले, "त्याचा मानूस आहे तं त्याले पाहू द्या. देवाले कोंबडं द्या, खरडा, आन् संध्याकाळी पुन्हा शेंदूर लावून द्या."

सकाळी म्हाताऱ्यानं तेल लावून लाकडाच्या पट्टीनं खरडाले सुरुवात केली. हळूहळू, जखमेवरची खपली काढावी तसं. मी पोराले कडेवर घेऊन पाहून राह्यली होती. पहिला पापुद्रा निघून मातीत पडला. शेजारीन म्हनली, "हा तुह्या पोराचा ना वं?" मी पोराले पदराखाली घेतलं. दुपारपर्यंत दोन अक्षरं दिसाले लागली. आन् दुपारीच पोरानं डोळे फिरवले.

मी पोराले घेऊन गाडीजवळ पोचली तवा बातमी माझ्या आधी पोचली होती. चार-पाच मानसं गाडीच्या म्होरं बसले होते.

"देव झाकल्याबिगर गाडी हालनार नाई."

मी म्हनली, "भाऊ, उठा ना, पोरगं चाललं माझं!"

"तुह्या पोरासाठीच बसलो बाई."

म्हाताऱ्यानं माझ्या हातातल्या पोराकडे पाह्यलं. पट्टी फेकली, आपली पान्याची बाटली पोराच्या डोक्यावर रिकामी केली, आन् दगडाजवळच्या वाटीत हात बुडवून सगळा शेंदूर त्या दोन अक्षरांवर आपल्याच हातानं थापला. तवा मानसं उठले. सासू माझ्या संगं गाडीत चढली. गाडी एटापल्लीले निघाली.

दवाखान्यात डॉक्टरनं रक्त तपासलं, मलेरिया डोक्यात चढून राह्यला म्हने. सुई, बाटली. सांजच्याले पोरानं आई म्हनलं. मी खाली बसून रडली.

डॉक्टरनं इचारलं, ताप कधीपासून? मी म्हनली, आजपासून. सासू बाजूले होती. पन आदल्या रातीच अंग कोमट लागलं होतं मले, खरडन्याच्या आधी. ते मले माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सासरे आले. बाहेर बाकड्यावर म्हातारा बसला होता, नखात अजून शेंदूर. नागपूरच्या बाईनं इचारलं, पाटीलभाऊ, एकदा, फक्त एकदा अजून खरडू देता काय? सासरे म्हनले, "ज्या लेकराले झालं त्याची माय सांगन. आमच्यात तसंच असते."

सगळे माझ्याकडे पाहाले लागले. बाई म्हनली, "साहेब म्हनतात, ते म्हातारे झाले, पुन्हा येनं होत नाई. आन् घरच्या पोरांले यात काई गोडी नाई. ते मेले का शोधनारा कोनी उरत नाई. पन तुम्ही नाई म्हनलं तं ते समजून घेतीन."

सासू माझ्या कानाजवळ टोमना मारत म्हनली, "बोल, दे परवानगी. पोरगं वाचलं ना, आता दुसऱ्यांदा पाहून घे."

पोरगं माझ्या मांडीवर होतं, हाताले सुईची पट्टी, झोपेत ओठ हालवून राह्यलं होतं. ताप मच्छरानं आला हे डॉक्टरनं सांगतलं होतं, आदल्या रातीचं मले माहीत होतं. त्या म्हाताऱ्यानं आपल्या घरच्या मानसाचं नाव आपल्या हातानं झाकलं तवा माझं पोरगं इथी आलं, तेबी माहीत होतं. आन् तोंडातून निघालं, "नाई."

म्हाताऱ्यानं मान हालवली, पोराच्या डोक्यावर हात ठेवला, आन् त्याच दिवशी गेला. त्यांच्या गावात ती जागा अजून कोरीच असन.

आता पोरगं शाळेत जाते. मी रोज सोताले इचारते, आन् आता तुमाले इचारते. तुमच्या मांडीवर तुमचं लेकरू तसं पडलं असतं, सगळ्यायचे डोळे तुमच्या तोंडाकडे लागले असते, तं खरं सांगा, तुम्ही काय म्हनलं असतं?