अठरा इंचांची जागा

मास्तरांच्या गळ्यातली टेप झोपेतही निघत नाही, असं त्यांची बायको सगळ्यांना सांगायची. खोटं नव्हतं ते. दुपारी जेवण झालं की मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत मान टाकून पेंगायचे, तेव्हाही टेपेची दोन टोकं छातीवर लोंबत असायची. समोरच्या भिंतीवर खिळ्यांना खाकी कागदाचे साचे टांगलेले. कॉलरी, बाह्या, पाठी. पंख्याचा वारा लागला की ते हळूहळू हलायचे, आणि अर्धवट झोपेत मास्तरांना वाटायचं, गावातली माणसं आपापली अंगं घरी ठेवून नुसती मापं घेऊन इथे आली आहेत. तोंडं न बघताच ते एकेकाला ओळखायचे. मग बायको समोरच्या स्टुलावरून म्हणायची, "अहो, चहा होतोय."

एक्केचाळीस वर्षं हे असंच चाललं होतं. मास्तर कापायचे, शिवायचे. बायको काजं करायची, बटणं लावायची.

पण गेल्या वर्षभरात त्यांच्या जागेपणीही तोंडं दिसेनाशी होऊ लागली होती. कडा दिसायच्या, मधलंच तेवढं धुकं. बायकोचे केस दिसायचे, कानातले दिसायचे, नाकाजवळ मात्र कुणीतरी ओला बोळा फिरवल्यासारखं. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, "आतला पडदा मधोमध झिजतोय. चष्म्याचा नंबर वाढवून काही व्हायचं नाही. उजेड भरपूर ठेवा आणि अक्षरं मोठी करून वाचा." मास्तरांच्या पाचावर धारण बसली. घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "ठणठणीत आहेत म्हणाले डोळे. तुझ्यापेक्षा बरे." झाकली मूठ सव्वा लाखाची! आंधळा शिंपी म्हटल्यावर कोण येणार होतं दारात? आणि कापणं थांबलं, तर या माणसाकडे दुसरं होतं तरी काय?

मूठ झाकलेली राहिली, पण वहीतले आकडे काही गप्प बसेनात. एका गिऱ्हाइकाच्या पॅन्टची कंबर छत्तीस होती, मास्तरांनी तेहेतीस वाचली आणि कापून मोकळे झाले. तिसऱ्याच दिवशी पॅन्ट परत आली. "जाड झालाय तो," मास्तर बायकोला म्हणाले, आणि गुपचूप नवं कापड आणून दुसरी शिवून दिली. बायको काजं करत राहिली.

अशात एकदा बँकेत त्यांच्या सहीचा घोळ झाला आणि तिथल्या कारकुनाने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्याने माउसचं चाक नुसतं फिरवलं, तर मास्तरांचं नाव फुगत फुगत तळहाताएवढं झालं! मास्तर बघतच राहिले. घरी येताना रस्ताभर ते त्या अक्षरांतच होते. त्या दुपारच्या डुलकीत भिंतीवरचे साचे हलले, तेव्हा प्रत्येकाच्या पोटावर आकडा होता, घागरीएवढा, आणि मास्तर त्यांच्यामधून आरामात चालत होते, कुठे ठेच नाही, कुठे धुकं नाही.

जागे झाले ते ठरवूनच. "कॉम्प्युटर घेऊ या," ते म्हणाले. "वह्यांना कसर लागायला लागलीय. सगळी मापं त्यात घालून ठेवू."

"एक्केचाळीस वर्षं लागली नाही ती कसर आत्ताच कशी लागली?"

"कसरीचं कुणी सांगावं?"

बायकोने सुईतला दोरा दाताने तोडला. "बघा बाई. पण पाकिटात आहेत तेवढ्या पैशांतच बसवायचं. अंथरूण पाहून पाय पसरा."

मग मास्तरांनी आयुष्यभर केलं तेच केलं. माप घेतलं. दोऱ्यांची मांडणी आणि खिडकी यांच्यामध्ये स्क्रीनला जागा होती अठरा इंच. मशीनच्या पायट्याशेजारी, कॉम्प्युटरच्या डब्याला, एक वीत. मोठा खोका तिथे मावणार नव्हता, छोटाच हवा होता. हे आकडे त्यांनी जाड पेन्सिलीने कागदावर लिहिले आणि दोघं कॉम्प्युटरच्या दुकानात गेले.

दुकान चालवणाऱ्या बाईचे शाळेतले फ्रॉक मास्तरांनीच शिवलेले होते. आता तिच्याच केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. "या काका!" ती म्हणाली आणि तिने एक डबा त्यांच्या हातावर ठेवला. जेमतेम वीतभर. मास्तरांनी टेप लावून खात्री केलीच.

"आता आत काय काय घालायचं ते ठरवू," ती म्हणाली. "रॅम म्हणजे तुमचं कापायचं टेबल. जेवढं मोठं, तेवढी कापडं एका वेळी पसरता येतात. एसएसडी म्हणजे कपाट, सगळं जपून ठेवायचं तिथे. आणि प्रोसेसर म्हणजे तुमचा मशीनवरचा पाय. कळलं?"

न कळायला काय झालं! मास्तरांचा चेहरा खुलला. कपाट सगळ्यात मोठं हवं, ते म्हणाले, एक्केचाळीस वर्षांच्या वह्या आहेत. टेबलही मोठं. पायही जोरकस. शिवणीत नेहमी दोन बोटं माया सोडावी, म्हणजे अंग वाढलं तरी कपडा उसवून सैल करता येतो. ते बोलत होते, बाई लिहीत होती, आणि बायको पिशवी मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती.

"असं सगळं भारी घेतलंत, तर स्क्रीन लहानच बसेल तुम्ही सांगितलेल्या पैशांत."

"लहानच हवी," मास्तर घाईने म्हणाले. "अठरा इंचच जागा आहे."

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच! ज्या मोठ्या अक्षरांसाठी एवढा घाट घातला, त्यांचं नावही काढायला तयार नव्हता माणूस. बायको शेजारी बसली होती ना!

बायको उठली. तिने पिशवीतून मापांची वही काढली आणि दुकानदार बाईपुढे ठेवली. "एवढं एक पान त्या अठरा इंचांच्या स्क्रीनवर लिहून दाखव गं."

बाईने नावं आणि मापं टाईप केली. "अहो, वाचा बघू," बायको म्हणाली, "तिसऱ्या ओळीतली कंबर."

मास्तर पुढे वाकले. मग थोडे मागे झाले. "तेहेतीस," ते ठसक्यात म्हणाले.

दुकानदार बाईने एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. तिथे छत्तीस होते.

"आकडा मोठा कर," बायको म्हणाली. "आणखी. आणखी कर." मास्तरांना दिसेल एवढा मोठा झाला, तेव्हा स्क्रीनवर तो एकटाच उरला. ना नाव, ना छाती, ना बाही. कुणाची कंबर ते काय कळणार?

"कुणी नमुन्याला जुना कोट आणला की तुम्हीच हाकलता ना त्याला?" बायको म्हणाली. "माप माणसाचं घ्यायचं, म्हणता. आणि इथे? जागेचं माप घेतलंत, माणसाचं राहिलं की."

"शिंप्याला स्वतःचं माप घेता येत नाही," मास्तर पुटपुटले. "वाकून बघायला गेलं की टेप सरकते."

"मग मी कशाला आहे?"

तिने त्यांच्या गळ्यातली टेप काढली. त्यांना खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या डोळ्यांपासून स्क्रीनपर्यंत टेप धरली. दुकानदार बाईला मागची मोठी स्क्रीन लावायला सांगितली. जुनी, दुसऱ्याने वापरलेली, सत्तावीस इंची. तिच्यावर मास्तरांच्या डोळ्यांच्या मापाचा आकडा आला, आणि शेजारी नाव आलं, आणि खाली छाती, बाही, उंची. सगळं एकाच वेळी.

"हिला पैसे पुरवायचे तर कपाट निम्मं करावं लागेल," दुकानदार बाई म्हणाली. "मापं म्हणजे काय, नुसते आकडे. त्यांना निम्मं कपाटसुद्धा रिकामंच पडेल. टेबलही निम्मं करू, बाकीच्या निम्म्याची खाच आत मोकळी राहील. पुढे हवं तेव्हा भरा. आणि पाय साधाच पुरे."

"नाकापेक्षा मोती जड व्हायचा," मास्तर अजून अडून बसले होते. "आणि ठेवायची कुठे ही?"

"दोऱ्यांची मांडणी माझ्या बाजूला आणा. दोरे मलाच लागतात."

स्क्रीनवरचे आकडे मास्तरांच्या दुपारच्या स्वप्नातल्यासारखे समोर उभे होते, आणि तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"तीन दिवसांत तीन इंच जाड होतं होय कुणी?" ती म्हणाली. मग हळू आवाजात, "त्याच्याही आधीपासून. सकाळी सुया टोचायच्या उशीत सगळ्या ओवलेल्या असतात, त्या काय रात्रीत आपोआप ओवल्या जातात?"

मास्तरांना खरंच कधी प्रश्न पडला नव्हता. की पडू दिला नव्हता, कोण जाणे. वर्षभर ते रोज सकाळी उशीतली ओवलेली सुई उचलत आले होते, आणि मनाशी म्हणत होते, बघ, अजून जमतंय आपल्याला.

"मला फार भीती वाटते गं," ते म्हणाले, त्या दुकानात, दुसऱ्या बाईच्या देखत.

"मलाही वाटते," बायको म्हणाली आणि टेप परत त्यांच्या गळ्यात घातली.

चार दिवसांनी सत्तावीस इंची स्क्रीन खिडकीजवळ बसली. दोऱ्यांची मांडणी बायकोच्या बाजूला गेली होती. तिने मास्तरांना उभं केलं आणि पहिलं माप त्यांचंच घेतलं. ती आकडे सांगत गेली, मास्तर एका बोटाने टाईप करत गेले, आणि प्रत्येक आकडा त्यांनी मोठ्याने वाचला. एकही चुकला नाही. भिंतीवरचे साचे पंख्याच्या वाऱ्यात हलत होते.

मग त्यांना एक बटण लावायचं होतं. उशीत ओवलेल्या सुया रांगेने टोचलेल्या होत्या. मास्तरांनी त्या सोडून डब्यातली एक नवी कोरी सुई काढली, बिनदोऱ्याची, आणि हात लांब करून बायकोपुढे धरली.

"एवढी ओवून दे गं," ते म्हणाले. "मला दिसत नाही."