दारावर नाव नव्हतं

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण आमच्या दातांच्या लॅबमध्ये तिला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली नाही. अंगाने काडी, आणि बोलणं असं की बेसावध माणूस उडालाच पाहिजे. मालकांनी पहिल्या दिवशी विचारलं, "मेणात दाढ कोरता येते का?" तर म्हणाली, "तुमची उजवीकडची किडलीये, तिच्यापेक्षा बरी येईल." मालकांनी तोंड मिटलं आणि तिला ठेवून घेतलं.

डॉक्टर लोक पेशंटच्या जबड्याचे ठसे पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओततो, मेणाचे दात कोरतो, कवळी तयार करून घासून चकचकीत करतो. दिवसभर मोटरचा किरकिराट आणि नाकातोंडात पांढरी धूळ. टाचणी माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायची. राहायलाही माझ्याच इमारतीत, माझ्या डोक्यावरच्या खोलीत. माझा नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन लांब. ही मला "मावशी" म्हणाली आणि मी विरघळले. एरवी मी विरघळणाऱ्यांतली नाही, हे लॅबमध्ये कुणालाही विचारा.

तिला डाव्या कानाने कमी ऐकू यायचं. "तिथे त्याचा हात बसायचा," एवढंच ती सांगायची. तो म्हणजे नवरा. तिने चोरून नोकरीसाठी अर्ज केला, ते त्याला कळलं, तेव्हा त्याने तिचे केस मुठीत धरून तिला शेगडीसमोर बसवलं आणि तिच्या डोळ्यांदेखत तिचं पदवीचं प्रमाणपत्र जाळलं. ती मान फिरवायला गेली तर केस आणखी ओढले. त्या आठवड्यात ती नेसत्या कपड्यांनिशी पळाली. "कुठेही जा, येऊन मारीन," असं तो आधीच सांगून बसला होता. तो बोलल्याप्रमाणे वागणारा माणूस होता, त्याच्यातला तेवढा एकच गुण.

म्हणून तिच्या दारावर नाव नव्हतं, खालच्या पत्रपेटीवरही नव्हतं. इमारतीत सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की तिच्या खऱ्या नावाने कुणी विचारत आलं तर अशी कुणी इथे राहत नाही म्हणायचं. तळमजल्यावरचा इलेक्ट्रिशियन, ज्याच्या पोटात सकाळचा चहासुद्धा संध्याकाळपर्यंत राहत नाही, त्यानेही ते पाळलं.

मग लॅबला एका मोठ्या इस्पितळाचं काम मिळालं. त्यांना सही करायला पदवीधर माणूस हवा होता. मालक टाचणीला म्हणाले, "प्रमाणपत्र आण, जागा तुझी." तिने विद्यापीठाकडून दुसरी प्रत मागवली. अर्जात सध्याचा पत्ता लिहायची जागा होती, तिथे तिचं पेन अडलं. मग स्वतःच म्हणाली, "मावशी, विद्यापीठ आहे, चोरबाजार नाही," आणि खोलीच्या नंबरासकट पत्ता लिहिला. प्रमाणपत्र पोस्टात जाऊन तिने स्वतः सोडवलं. त्या दिवशी ती इतकी हसली की तिच्या मागच्या पडलेल्या दाढेची फट मला पहिल्यांदा दिसली. तीही त्याचीच मेहेरबानी.

पुढे बऱ्याच दिवसांनी पोस्टमन एका विमा कंपनीचं पाकीट घेऊन आला. वर तिचं नाव. दारावर नाव नाही म्हणून त्याने खाली विचारलं, मधल्या मजल्यावर विचारलं, माझ्याकडे विचारलं. सगळीकडे एकच उत्तर. मी तर उलट त्यालाच झापलं, "कुणाचीही पाकिटं घेऊन दारं काय वाजवता?" पाकीट परत गेलं. टाचणीला सांगितलं तर म्हणाली, "विमा कंपनीला माझं नाव कुठून कळलं?" मग आम्हीच एकमेकींची समजूत घातली की जाहिरातवाले कुठूनही नावं उचलतात, आणि कामाला लागलो.

तो रविवारी दुपारी आला. मी इस्त्री करत होते. जिन्यात बूट वाजले, कुणाला काही न विचारता सरळ वर गेले. मग टकटक, मग त्याचा आवाज. आवाज लाडाचा होता.

"उघड गं. तुझ्या विद्यापीठाची माणसं किती चांगली! म्हणाली, मॅडमचं पाकीट परत आलंय, पत्ता बरोबर आहे का बघा. अख्खा वाचून दाखवला. मी म्हटलं, हो हो, बरोबर आहे."

नंतर दाराची कडी तुटल्याचा आवाज आला.

मी वर पोचले तेव्हा तो तिला केसांनी धरून चौकटीशी घेऊन आला होता. तिचा उजवा हात चौकटीवर दाबून धरला आणि दार आपटलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. "या हाताने अर्ज करतेस ना? याच हाताने?" बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. जबडे, हाडं, दात यांत माझा जन्म गेला, पण तो आवाज मला अजून झोपू देत नाही. ती ओरडत नव्हती. दुसऱ्या हाताने त्याचं तोंड ओरबाडत होती. त्याचा गाल फाटला, तर त्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं.

इस्त्री माझ्या हातातच होती. प्लग ओढून तशीच धावले होते. मी ती त्याच्या मानेवर टेकवली आणि दाबून धरली. शर्ट जळाल्याचा, मग मांस जळाल्याचा वास आला. तो गुरासारखा ओरडला, वळला, मला लाथ घातली. मी पडता पडता पुन्हा मारली, या वेळी तोंडावर. तोवर इलेक्ट्रिशियन वर आला होता. त्याने त्याला जिन्यावरून अक्षरशः लोटून दिलं आणि खाली जाऊन छातीवर बसला. मला आनंद झाला. लोक म्हणतात असं म्हणू नये. झाला, तर काय करू?

पोलिसांनी आधी मलाच विचारलं, "इस्त्री गरम होती का?" मी म्हटलं, "नाही हो, मी सुरकुतलेले कपडे थंड इस्त्रीने थोपटते." एक हवालदार हसला, तेव्हा कुठे त्यांनी त्याला गाडीत घातलं.

हात प्लास्टरमध्ये घेऊन टाचणी बरी व्हायच्या आधीच विद्यापीठात गेली, मला बरोबर घेऊन. माजी विद्यार्थी संपर्क विभाग अशी पाटी, आत गुबगुबीत खुर्च्या, आणि टाय बांधलेला एक गोड अधिकारी. त्याने शांतपणे सगळं उलगडून सांगितलं. माजी विद्यार्थ्यांची माहिती ते 'सहयोगी कंपन्यांना' देतात, त्यातून विद्यापीठाला निधी मिळतो. अर्जाच्या तळाशी 'माझी हरकत नाही' या चौकटीत खूण आधीच छापलेली असते, नको असेल त्याने खोडायची. पाकीट परत आलं की कंपनी विद्यापीठाच्या नावाने जुन्या नोंदीतल्या नंबरावर फोन करून पत्ता तपासून घेते. टाचणीचा पदवीचा मूळ अर्ज लग्नानंतरचा, नवऱ्याने भरलेला. नंबर त्याचा.

"तुम्ही मला न विचारता माझा पत्ता विकलात," टाचणी म्हणाली.

"विकला नाही मॅडम. सामायिक केला. पण तुमची भावना मी समजू शकतो."

"मग नाव काढून टाका."

"नक्की. हा अर्ज भरा. इथे सध्याचा पत्ता लिहा, नाव काढल्याचं पत्र त्यावर येईल."

तिने प्लास्टरचा हात उचलला आणि त्याच्या टेबलावरच्या काचेवर हाणला. काच फुटली, प्लास्टर तडकलं. तिने परत हाणला, अर्ज, पेनं, चहाचा कप, सगळ्यावर. प्लास्टरच्या तड्यातून रक्त यायला लागलं. अधिकारी खुर्चीसकट भिंतीला टेकला होता आणि "सुरक्षा, सुरक्षा" म्हणत होता. मी तिला अडवलं नाही. मला वाटत होतं तिने त्याचेही दात पाडावेत, मी फुकट बसवून दिले असते.

बोटं जुळली, पण वाकडी. दाढ कोरायचा नाजूक चाकू त्यांत राहीना. इस्पितळाच्या कामावर सही करायला दुसरा माणूस आला. आणि वकिलाने सांगितलं की नवरा जामिनावर लवकरच सुटेल.

ती निघाली त्या सकाळी मी तिची बॅग रिक्षात ठेवली. ती माझ्या गळ्यात पडली आणि कानाशी सांगायला लागली, "मावशी, मी चाललेय ते..." मी तिच्या तोंडावर हात ठेवला. घट्ट. "गाढवे, सांगू नकोस. मला ते पोटात ठेवता येणार नाही." तिचे ओठ माझ्या तळव्याखाली हलत राहिले. मी हात काढला नाही. रिक्षा गेली, मी घरी येऊन भांडी आपटत बसले.

तो आलाच. मानेवर इस्त्रीचा त्रिकोण अजून लाल होता. दार लावून घेतलं आणि विचारलं, "कुठे गेली?" मी शिव्या दिल्या, त्याने थोबाडीत मारली. परत विचारलं, परत मारली. पुढचा एक दात जिभेवर आला, तो मी त्याच्या शर्टावर थुंकले. त्याने मला फरशीवर पाडून छातीवर गुडघा रोवला. "सांग म्हातारे. तुला माहीत असणार. तुझ्याशिवाय तिला आहे कोण?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. आणि ते खरंच होतं. ती जिवंत आहे की नाही, जेवते का, हात दुखतो का, मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. त्याचं मला एवढं रडू आलं, इतक्या मोठ्याने रडले मी, की तो मारायचा थांबला.